वजनकाट्यावरचा डावा पाय

पडले ती काजूच्या बोंडूवरून. आख्खा जन्म काजूच्या झाडांखाली गेला, आणि शेवटी मागीलदारच्या चिऱ्याच्या पायरीवर पडलेल्या एका कुजक्या बोंडूने माझा घात केला. कोणी विचारलं की मी नुसतं "पाय घसरला" म्हणायचे. बोंडू म्हटलं की ऐकणाऱ्याला आधी हसू यायचं, मग ते दाबून तोंड वाईट करायची त्याची धडपड चालायची, आणि ती मला बघवायची नाही.

डावा घोटा दोन्ही अंगांनी मोडला. रत्नागिरीला नेलं, ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाजूला पट्टी आणि सात स्क्रू, आतल्या बाजूला दोन. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून दाखवला. मला ती आमच्या पडवीच्या दाराची बिजागरीच वाटली. मी तसं बोलूनही दाखवलं.

"पाय कधी टेकू?" मी विचारलं.

"सहा आठवडे अजिबात नाही. बोटसुद्धा नाही. मग एक्स-रे काढू. हाड जुळत असेल तर थोडं थोडं वजन द्यायचं, दर आठवड्याला वाढवत न्यायचं. सगळा भार बाराव्या आठवड्याच्या आसपास."

"आणि आधीच टेकला तर?"

"तर स्क्रू हलतील, आजी, आणि तुम्ही परत माझ्या टेबलावर."

आजी म्हणे! त्याचे स्वतःचे केस पांढरे झालेले. पण पायात तेवढा लोखंडी बाजार भरलेला असताना भांडणार कोणाशी?

मुलगा डोंबिवलीहून धावत आला. एकुलता एक, कंपनीत नोकरीला, सगळं कागदावर लिहून काढणारा. त्याने तिथेच खाटेशी स्टूल ओढून मला निकाल ऐकवला. "मे अखेरीला मी येतो. तोवर तू तुझ्या पायांवर चालायला लागलीस तर राहा गावाला. नाहीतर पावसाच्या आत घर बंद करायचं आणि तू माझ्याकडे. आई, यात वाद नको."

घर बंद करायचं म्हणजे काय, हे आमच्या बाजूला कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पूर्णगडच्या अलीकडे आमची वाडी, अकरा घरं, त्यातल्या सहांना कुलूप. गणपतीला उघडतात, शिमग्याला उघडतात, मधल्या दिवसांत वाळवी आपलं काम करून ठेवते. मुलाचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. बाप जाऊन सहा महिने झालेले, आई एकटी, विहीर मागे उतारावर. पण मला जायचं नव्हतं. तेव्हा माझ्या मनात नक्की अशी तेवढी एकच गोष्ट होती.

बाकी आत काही नव्हतंच. आमचे हे श्रावणात गेले. दुपारचे जेवले, पडवीत पोत्यांना टेकून बसले आणि तसेच बसून राहिले. मी ताक घेऊन गेले तर हाक ऐकायला कोणी नव्हतं. दिवस झाले, माणसं आली, रडली, गेली. माझ्या डोळ्यांतून टिपूस नाही. "धीराची हो बाई," बायका म्हणायच्या. धीर कसला डोंबलाचा! मला काही वाटतच नव्हतं. भाताला चव लागायची नाही. देवापुढे दिवा लावायचे तो हाताला सवय म्हणून. त्यात ऑपरेशननंतर पावलाचा वरचा भाग बधिर झाला, चिमटा काढला तरी कळेना. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, हळूहळू येईल, काहींना महिने लागतात. मी म्हटलं, चला, आतबाहेर एकसारखं झालं.

घरी आणलं ते थेट ओटीवरच्या खाटेवर. दुसऱ्या दिवसापासून गडग्यापलीकडची शेजारीण यायला लागली. बोलावलं नव्हतं. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. नवरा मुंबईला, मुलीचं लग्न झालेलं, स्वतःची थोडी काजूची झाडं, आणि उरलेले दिवस दुसऱ्यांच्या बागेत कामाला. सकाळी पेज, संध्याकाळी भाकरी घेऊन यायची, पाणी तापवायची, माझं अंग पुसायची, खुर्चीखालचं भांडं नेऊन ओतायची. मी तिच्यावर खेकसायचे. पेज पातळ झाली, पाणी कढत आहे, दार सताड उघडं का टाकलंस. ती म्हणायची, "वैनी, जीभ तेवढी मोडली नाय तुमची, देवाची कृपा." आणि कामाला लागायची.

त्या सहा आठवड्यांत अख्खा गाव डॉक्टर झाला. एक म्हणाला, टेका पाय, रक्त खेळलं पाहिजे, तो झोपवून ठेवतो कारण त्याला परत बिल लावायचंय. दुसरीने कुठल्याशा पाल्याचा लेप आणला आणि टाक्यांवर थापायला निघाली. तिला मी काठीने अडवलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, लोकांचं काय जातं? मी डॉक्टरांचं ऐकलं. बोटसुद्धा टेकलं नाही. वॉकर धरून एका पायावर लंगडी घालत ओटीवरून न्हाणीपर्यंत जायचे आणि परत यायचे. ते अंतर बावीस लंगड्यांचं होतं. मला मे अखेर गाठायची होती.

सहा आठवड्यांनी एक्स-रे चांगला आला. डॉक्टरांनी व्यायाम शिकवणाऱ्या मुलीकडे पाठवलं. चुणचुणीत पोर होती. तिने माझा उजवा पाय एका फळीवर ठेवला, डावा वजनकाट्यावर, हातात वॉकर, आणि म्हणाली, "आता डावा पाय हळूच दाबा. वीस दिसले की थांबा. सध्या वीस किलो, मग दर आठवड्याला थोडे वाढवायचे. तीन आठवड्यांत तुमच्या वजनाच्या निम्म्यावर यायचं, त्याच्या पुढे नाही. घरी काटा आहे?"

"आहे की."

"मग झालं. तुमचं पाऊल बधिर आहे, तेव्हा पायाला विचारू नका, आकड्याला विचारा."

मुलगा फोनवर म्हणाला, घरात वापरायचा छोटा काटा मागवतो, दोन दिवसांत येईल. मी त्याला झाडला. घरात काटा असताना नवा कशाला? आमच्याकडे वस्तू मोडेपर्यंत दुसरी आणत नाहीत, आणि मोडली तरी आधी दोरीने बांधून बघतात.

आमचा काटा पडवीत होता. खाली लोखंडी चौथरा, वर खांबावर लाल आकड्यांची पेटी. आमचे हे काजू-बी घ्यायचे. वाडीतल्या, पलीकडच्या गावातल्या बायका डोक्यावरून बी आणायच्या, हे तोलून घ्यायचे, आणि टेम्पो भरला की कारखान्यावर पोचवायचे. तीस वर्षं हेच केलं, आधी दांडीचा काटा होता, मग हा विजेवरचा आला. त्या काट्याला पाय लागलेला ह्यांना खपत नसे. "लक्ष्मी आहे ती," म्हणायचे. मुलगा लहानपणी एकदा गंमत म्हणून वर चढला तर त्याच्या पाठीत धपाटा बसला होता. खंडेनवमीला कोयत्याच्या नि विळीच्या शेजारी काट्यालाही हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची. ती मीच घालायचे. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्या काट्यावर कधी उभी राहिले नाही. माझं वजन किती हे मला दवाखान्यात कळायचं.

पहिल्या दिवशी शेजारणीनेच मला पडवीत नेलं. मी काट्याला हात लावून नमस्कार केला आणि डावा पाय पुढे केला. ती म्हणाली, "वैनी, ह्या काट्यावर?"

"मग कुठल्या?"

"पोराला सांगा, नवाच मागवूदे की."

"का? ह्याला काय धाड भरलीय?"

तिने विटा आणून उजव्या पायाखाली रचल्या, नीट बसल्या का ते हाताने हलवून बघितलं. मला वाटलं, पाय लावते म्हणून तिला बरं वाटत नसेल. मला तरी कुठे वाटत होतं. पण देवी, गरज आहे, माफ कर, असं म्हणून मी दाबलं. वीस आले. थांबले.

मग रोज सकाळ-संध्याकाळ तेच. मला ते आवडायला लागलं म्हटलं तरी चालेल. पायाला काही कळत नव्हतं, मनाला काही कळत नव्हतं, पण तो लाल आकडा सांगायचा की बाई, तू एवढी एवढी जमिनीला टेकली आहेस. वीस. पंचवीस. तीस. एका ग्रॅमने पुढे गेले नाही. एकदा दोन्ही पाय काट्यावर ठेवले, सगळा भार उजव्यावर टाकून. सत्तावन्न दाखवले. हॉस्पिटलात सदुसष्ट होते. मी खूश! दुखण्यात दहा किलो उतरले. रोज दोन वेळा तिची पेज-भाकरी हाणून आणि खाटेवर लोळून माणसाचे दहा किलो कसे उतरतात, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. शेजारीण चुलीपाशी होती. तिला ओरडून सांगितलं तर ती "हां" म्हणाली.

नवव्या आठवड्यात परत रत्नागिरी. शेजारणीला घेऊन रिक्षाने गेले. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि त्यांचा चेहराच पडला. आतल्या बाजूचा एक स्क्रू जरा मागे सरकला होता, आणि तिथलं हाड जुळायला कुचराई करत होतं.

"वजन जास्त दिलंत."

"एक किलो जास्त नाही. देवाशपथ. चौतीस म्हणजे चौतीस."

त्यांनी मला त्यांच्या काट्यावर उभं केलं. सदुसष्ट. "घरी सत्तावन्न दाखवतो," मी म्हटलं. ते हसले. "घरचा काटा तपासून घ्या. म्हणजे चौतीस म्हणत तुम्ही चाळीस दाबत होतात. काट्यामुळेच झालं असं नाही म्हणता येणार, हाडं मुळात ठिसूळ आहेत तुमची. पण आता दोन आठवडे पाय उचलायचा. परत पहिल्यापासून."

दोन आठवडे! मी मनात मे अखेर मोजत होते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. रिक्षात बसल्यापासून घर येईपर्यंत मी त्यांच्या काट्याला शिव्या दिल्या. गल्लाभरू मेले, स्वतःचा काटा बिघडलाय आणि दुसऱ्याच्या काट्याला नावं ठेवतात. ह्यांचा काटा! ज्याच्यावर ह्यांचा व्यवहार उभा होता! मुलगा चारचौघांत सांगायचा, आमच्या बाबांचा व्यवहार चोख. शेजारीण बाहेर बघत बसली होती.

घरी आल्या आल्या तिला म्हटलं, ते तांदळाचं पोतं ठेव काट्यावर. पंचवीस किलोचं, दुकानातून आलेलं, शिवण न उसवलेलं. तिने नको नको म्हटलं. मी ऐकते होय? तिने उचलून ठेवलं. आकडे हलले आणि थांबले. एकवीस किलो तीनशे.

"बघ! दुकानदाराने मारलं," मी म्हटलं. "पावणेचार किलो मारले चोराने!"

ती जमिनीवरच बसली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "दुकानदारानं नाय, वैनी."

"मग कोणी?"

मी तिला तीनदा विचारलं. तेव्हा ती हळू म्हणाली, "आमी घरनं बी पायलीनं मापून आणायचू. किती पायलीचे किती किलो होतात ते पोरांना पण ठाऊक. हितं आलं की कमी भरायचं. दरसाल. वाडीत सगळ्यांना ठाऊक हाय."

"मग बोललीस का नाहीस? कोणीच कसं बोललं नाही?"

"दुसरीकडं घेऊन गेलू तर तिकडचा काटा काय सोन्याचा? आन् माझ्या पोरीच्या बाळंतपणाला, रस्त्यावर पाणी असताना, भाऊंनीच टेम्पो काढला. कसं बोलायचं?"

"मला तरी सांगायचंस."

तिने वर बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, ती खरोखरच गोंधळली होती. "तुमी काट्याजवळच हुब्या असायच्यात, वैनी. पाणी नि गूळ द्यायच्यात आमाला. आमाला वाटायचं, तुमाला ठाऊक हाय."

मी तिला घराबाहेर काढलं. खरंच सांगते. जिने दोन महिने माझी घाण काढली तिला मी म्हटलं, चालती हो, मेलेल्या माणसावर घाण टाकतेस, परत तोंड दाखवू नकोस. ती उठली, पोतं काट्यावरून उतरवून जागेवर ठेवलं आणि गेली.

मग मी एकटी पडवीत, त्या काट्यासमोर. आणि मला राग आला. श्रावणापासून पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि ते हे. गेलेल्या नवऱ्याचा राग. लक्ष्मी म्हणे! पाय लावू नका म्हणे! ती श्रद्धा होती की कोणी वर उभं राहून आपलं खरं वजन बघू नये म्हणून घातलेलं कुंपण, हे आता मी कोणाला विचारू? आणि माणूस वाईट नव्हता हो. पुराच्या पाण्यात त्या पोरीला घेऊन हेच गेले होते, भिजून चिंब, परत येऊन चहासुद्धा मागितला नाही. तेही हेच आणि हेही हेच.

मी नुसती रागात होते तोवर बरं होतं. मग एक आठवलं. पलीकडच्या गावची एक म्हातारी होती, दरवर्षी थोडंसं बी आणायची. एकदा आकडा बघून म्हणाली, "घरी जास्त भरलं होतं रे बाबा." हे म्हणाले, "वाटेत वाळलं असेल, आजी, ऊन किती आहे बघा." सगळे हसले. म्हातारीही हसली. मी हातात गुळाची वाटी घेऊन उभी होते, आणि मीही हसले होते.

मला ठाऊक होतं का? मी त्या दिवसापासून स्वतःला हे विचारते आहे. नव्हतं. पण विचारायला माझी जीभ काही मोडलेली नव्हती. पेज पातळ झाली की बोलते मी. पाणी कढत झालं की बोलते.

संध्याकाळी ती भाकरी घेऊन आली. नेहमीसारखी. मी तिच्याकडे बघू शकले नाही. "ठेव," म्हटलं. तिने ठेवली, दिवा लावला, म्हणाली, "वैनी, भाकरी गरम हाय तवर खा." मी खाल्ली. लाज वाटत होती आणि भूकही लागली होती. माफ कर म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

दोन आठवड्यांनी पुन्हा सुरुवात केली, त्याच काट्यावर. नवा मागवला असता तर मुलगा म्हणाला असता, का, बाबांच्या काट्याला काय झालं? झाकली मूठ सव्वा लाखाची. काटा खोटा होता, पण रोज एकाच मापाने खोटा होता. सतरा दिसले की मी वीस समजायचे. शेजारीण शेजारी उभी राहायची आणि तीही मनात तेच करत असणार. आम्ही त्याबद्दल एकमेकींशी अवाक्षर बोललो नाही. आणि राग जसा आला तसा गेलाही. परत सगळं बधिर झालं. सकाळी काटा, संध्याकाळी काटा, मधे झाडांखाली बोंडू कुजल्याचा वास.

मेच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी हाड जुळल्याचं सांगितलं. "आता सगळा भार द्या. बरेच जण भीतीने पाय चोरतात, तसं करू नका." कागदावर तेच लिहून दिलं, खाली माझं वजन, सदुसष्ट. वॉकर सुटला, काठी आली. चार दिवसांनी मुलगा आला, दोन मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊन. त्या बॅगा ओटीवर बघून माझ्या पोटात खड्डा पडला असं म्हणायला हवं, पण तेवढंही काही झालं नाही. मी नुसत्या बघितल्या.

मी त्याला ओटीवरून अंगणात आणि परत चालून दाखवलं. काठी धरून, जरा लंगडत. त्याने डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला.

"लंगडतेस."

"लंगडेन थोडे दिवस. हाड जुळलंय."

"हाड जुळलंय ग. पण तू भार देतेस का? घरात काटा आहे, बघूया की. डाव्या पायावर एकटीने उभी राहा. सदुसष्ट आले तर मी या बॅगा तशाच घेऊन जातो."

शेजारीण तेवढ्यात पेज घेऊन आलेली, पडवीच्या दारात थांबली. मी काट्यावर चढले. भिंतीला एक बोट लावलं, उजवा पाय उचलला. घोट्यात आतून कळ आली, पण पाय लटपटला नाही. सगळीच्या सगळी मी त्या डाव्या पायावर उभी होते. आकडे हलले आणि थांबले.

सत्तावन्न.

"दहा किलो कमी," मुलगा म्हणाला. आवाजात विजय वगैरे नव्हता, वाईटच वाटलं त्याला. "बघ आई. पाय चोरतेस तू अजून. भिंतीवर भार टाकतेस. पावसात त्या उतारावर तू एकटी, मला झोप लागेल का तिकडे? भरूया बॅगा."

मी शेजारणीकडे बघितलं. मी काही म्हणायच्या आत ती बोलली. "अरे, त्यांचं वजनच उतरलंय. खातात कुठं? मी बघते ना रोज."

"काकी, चार दिवसांपूर्वीचा कागद आहे. सदुसष्ट."

इतकी वर्षं गप्प राहिलेली बाई, माझ्यासाठी खोटं बोलायला गेली आणि तेही तिला जमलं नाही. मला फक्त मान हलवायची होती. डोंबिवलीला गेले असते, तिसऱ्या मजल्यावर, आणि मुलाच्या मनात बाप होता तसा राहिला असता.

मी काट्यावरून उतरले. "तू उभा राहा," म्हटलं.

"मी? बाबा म्हणायचे—"

"काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे. उभा राहा."

त्याने चपला काढल्या. वाकून काट्याला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि चढला. चौसष्ट.

तो हसला. "बिघडलाय. मी पंचाहत्तर आहे."

"बिघडलेला नाही."

"आई, मी दर आठवड्याला जिममध्ये—"

"बिघडलेला नाही म्हणते ना. असाच होता."

"आता कशाला, वैनी," शेजारीण म्हणाली.

तो वरच उभा होता. त्याने आकड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती आपल्या पायांकडे बघत होती. एका हातात पेजेचं भांडं, तेही खाली ठेवायचं तिला सुचलं नव्हतं. मुलगा हुशार आहे, त्याला फार सांगावं लागत नाही.

"बाबांना ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तुला?"

नाही म्हणता आलं असतं. ते खोटंही झालं नसतं.

"मी काट्याजवळ उभी असायचे," मी म्हटलं.

तो मग उतरला, काट्याची वायर भिंतीतून काढली, गुंडाळली, आणि अंगणात जाऊन उन्हात उभा राहिला. शेजारणीने पेज वाढली. मी तिला म्हटलं, "बस, तूही घे." चार महिन्यांत मी तिला कधी बस म्हटलं नव्हतं. ती बसली.

रविवारी तो एकटाच गेला. बॅगा तशाच रिकाम्या. त्या दोन दिवसांत त्याने बापाचं नाव काढलं नाही, मीही नाही. निघताना ओटीवर माझ्या पाया पडला, आणि वाकल्या वाकल्या थांबला. डाव्या पावलावर त्याने हात नीट ठेवला.

"कळतो का हात?" त्याने विचारलं.

"नाही रे," मी म्हटलं. "नुसता दिसतो."